विश्लेषण : खोक्यावर ‘८के’, पडद्यावर अंधार! कन्सोल आणि नव्या टीव्हीसाठी रिसीव्हर निवडायचा कसा?

गणपतीला मुंबईहून रत्नागिरीकडे निघालेल्या गाड्यांच्या डिकीत काय नसते? मखराच्या सामानापासून मिक्सरपर्यंत सगळे. त्यात कधी कधी एक जड खोकाही असतो, मुंबईच्या फ्लॅटमधून निवृत्त झालेल्या होम थिएटरचा. फ्लॅटमध्ये आवाज जरा वाढवला की वरचे-खालचे बेल वाजवतात. गावच्या घरी शेजार हाकेच्या अंतरावर असतो आणि तोही बहुधा सिनेमा बघायला आपल्याकडेच आलेला असतो.

आता त्या घरात मोठा टीव्हीही येऊ लागला आहे. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. त्याच्या जोडीला मुलांचा प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स. मग साहजिक प्रश्न येतो तो आवाजाचा. टीव्हीचे स्पीकर पत्र्याच्या डब्यासारखे वाजतात, जुना रिसीव्हर नव्या टीव्हीशी जुळेल की नाही कळत नाही, आणि दुकानदार ‘८के’ छापलेला नवा खोका पुढे सरकवतो. चांगल्या रिसीव्हरची किंमत आज एखाद्या मध्यम टीव्हीइतकी असते, कधी त्याहूनही जास्त. तो जोडल्यावर पडदा काळा राहिला, तर रत्नागिरीकराला दहा-बारा किलोचे धूड पुन्हा बांधून कोल्हापूर किंवा मुंबईकडे धाडावे लागते. म्हणून ही खरेदी घरातल्या टीव्हीच्या पाठीमागून सुरू करणे शहाणपणाचे. कदाचित नव्या रिसीव्हरची गरज नाही, असेही तिथेच कळू शकते.

रिसीव्हर नेमके काय करतो?

एव्ही रिसीव्हर म्हणजे आपण ज्याला सरसकट ‘ॲम्प्लिफायर’ म्हणतो, त्याचा शिकलेला भाऊ. सेट-टॉप बॉक्स, कन्सोल, डिस्क प्लेअर असे सगळे त्याला एचडीएमआय केबलने जोडायचे. तो त्यातला आवाज वेगळा काढतो, पाच, सात किंवा अधिक स्पीकरना वाटून देतो आणि चित्र जसेच्या तसे टीव्हीकडे पाठवतो. आवाजाचे काम त्याला वर्षानुवर्षे उत्तम जमत आले आहे. अडचण आली ती चित्र ‘जसेच्या तसे’ पुढे पाठवण्यात. चित्राचा पूर इतका वाढला की मधल्या नळाचा व्यास कमी पडू लागला.

एचडीएमआय २.० हे २०१३ चे मानक. त्यातून सेकंदाला १८ गिगाबिट माहिती जाते. ४के चित्र सेकंदाला ६० वेळा दाखवायला तेवढे पुरते. नोव्हेंबर २०१७ मध्ये एचडीएमआय २.१ आले आणि ही मर्यादा ४८ गिगाबिटवर गेली. ४के चित्र सेकंदाला १२० वेळा, म्हणजेच १२० हर्ट्झने दाखवायचे तर हा मोठा नळ लागतो. कागदावर मानक आले तरी ते वापरणारी घरगुती यंत्रे यायला तीन वर्षे गेली. एक्सबॉक्स सिरीज एक्स १० नोव्हेंबर २०२० रोजी भारतासह जगभर विक्रीला आला. प्लेस्टेशन ५ परदेशात त्याच आठवड्यात आला, भारतात मात्र २ फेब्रुवारी २०२१ ला. दोघांचीही इथली सुरुवातीची किंमत ४९,९९० रुपये होती.

२०२० साली काय बिघडले?

ही गोष्ट रिसीव्हर घेणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी अशी आहे, कारण तिचे शेपूट अजून जुन्या मालाच्या बाजारात वळवळते आहे.

नवे कन्सोल येणार म्हणून डेनॉन, मरँट्झ आणि यामाहा या कंपन्यांनी २०२० मध्ये ‘८के’ आणि ‘एचडीएमआय २.१’ची जाहिरात करत नवे रिसीव्हर बाजारात आणले. या तिन्ही नावांच्या यंत्रांत एचडीएमआयची चिप एकाच घरची होती, पॅनासॉनिकच्या सेमीकंडक्टर विभागाची. हा विभाग त्याच वर्षी तैवानच्या नुव्होटॉनकडे गेला. ऑक्टोबर २०२० मध्ये जर्मनीच्या ‘सी-टी’ या संगणकविषयक नियतकालिकाने दाखवून दिले, की या रिसीव्हरमधून एक्सबॉक्स सिरीज एक्स किंवा एनव्हिडियाच्या नव्या ग्राफिक्स कार्डचे ४के १२० हर्ट्झ चित्र पाठवले की पडदा काळा पडतो. चित्रही नाही आणि आवाजही नाही. ज्या एका कामासाठी लोकांनी जादा पैसे मोजले, नेमके तेच काम होईना. आणि दोष चिपमध्येच असल्याने सॉफ्टवेअर अपडेटने तो जाण्यासारखा नव्हता.

प्लेस्टेशन ५ वाल्यांना मात्र त्रास झाला नाही. त्याचा कन्सोल ४के १२० साठी ३२ गिगाबिटपर्यंतच माहिती सोडतो, एक्सबॉक्स ४० पर्यंत जातो. चिप अडखळत होती ती या वरच्या टप्प्यावर.

कंपन्यांनी पुढे भरपाई केली. डेनॉन आणि मरँट्झने २०२१ मध्ये ग्राहकांना एक छोटी जोडडबी मोफत दिली, ती कन्सोल आणि रिसीव्हर यांच्यामध्ये लावायची. यामाहाने एचडीएमआयचा बोर्डच बदलून देण्याची योजना काढली. पण तोवर कंपन्यांकडून जो तात्पुरता उपाय सांगितला जात होता, तो आजही लक्षात ठेवण्याजोगा आहे. कन्सोल थेट टीव्हीला जोडा आणि आवाज टीव्हीकडून रिसीव्हरकडे परत आणा, असा तो उपाय. तात्पुरता म्हणून सांगितलेला हा मार्ग बहुतेक घरांसाठी कायमचा मार्ग ठरू शकतो.

वापरलेला रिसीव्हर स्वस्तात मिळतो आहे आणि तो २०२०-२१ च्या मॉडेलांपैकी आहे, असे असेल तर दोन प्रश्न विचारावेत. जोडडबी मिळाली होती का, किंवा बोर्ड बदलला होता का? विकणाऱ्याला प्रश्नच कळला नाही, तर त्याचे एचडीएमआय २.१ नाही असे समजून किंमत करावी.

‘एचडीएमआय २.१’ असे लिहिले की झाले?

नाही. डिसेंबर २०२१ मध्ये संगणक पडद्यांची चिकित्सा करणाऱ्या ‘टीएफटी सेंट्रल’ने एका मॉनिटरच्या निमित्ताने हा प्रश्न धसास लावला. एचडीएमआयचे परवाने देणाऱ्या संस्थेने तेव्हा मान्य केले, की २.० हे मानक आता वेगळे उरलेले नाही, ते २.१ मध्येच सामावले आहे. आणि २.१ मधली जवळपास सगळी नवी वैशिष्ट्ये ऐच्छिक आहेत. याचा अर्थ, १८ गिगाबिटचाच नळ असलेले यंत्रही स्वतःला २.१ म्हणवू शकते. हे म्हणजे हापूसच्या पेटीवर फक्त ‘आंबा’ लिहिण्यासारखे झाले. रत्नागिरीत तरी अशी पेटी कोणी उघडून बघितल्याशिवाय घेत नाही.

त्यामुळे आकडा न विचारता वैशिष्ट्याचे नाव विचारायचे. ४के १२० हर्ट्झ आहे का? व्हीआरआर आहे का, म्हणजे गेमचा वेग कमीजास्त झाला तरी चित्र फाटू नये म्हणून टीव्ही आपला वेग त्याच्याशी जुळवून घेतो का? एएलएलएम आहे का, म्हणजे कन्सोल सुरू होताच टीव्ही आपोआप गेम मोडमध्ये जातो का? आणि हे सगळे किती एचडीएमआय तोंडांवर आहे? कारण सगळी तोंडे सारखी नसतात. उदाहरणार्थ, डेनॉनच्या एव्हीआर-एक्स १८०० एच या मध्यम मॉडेलला सहा एचडीएमआय इनपुट आहेत. त्यातले तीनच ८के आणि ४के १२० घेणारे आहेत.

आधी टीव्हीची पाठ का पाहायची?

बहुतेक खरेदीचा निकाल इथेच लागतो. घरातला टीव्ही ६० हर्ट्झचा असेल, तर ४के १२० ची चर्चा तिथेच संपते. आपल्याकडे घरोघरी दिसणारे ४३ आणि ५० इंची ४के टीव्ही बहुतांश याच वर्गातले. कन्सोल कितीही दांडगा असला तरी त्या पडद्यावर ४के ६० च दिसणार, आणि त्यासाठी जुन्या १८ गिगाबिटच्या रिसीव्हरमध्येही काही कमी नाही. अशा घराने ‘८के’ रिसीव्हरसाठी वेगळे पैसे मोजणे म्हणजे होडीला घोड्याचा नाल ठोकणे.

यात एक गफलत होते. टीव्हीच्या जाहिरातीत १००, २००, कधी ४०० असे ‘मोशन’चे आकडे असतात. ते चित्र मऊ करण्याच्या सॉफ्टवेअरचे असतात, पडद्याचे नव्हेत. पडद्याचा खरा वेग तपशिलाच्या तक्त्यात ‘नेटिव्ह रिफ्रेश रेट’ या नावाखाली दिलेला असतो.

टीव्ही खरोखर १२० हर्ट्झचा असेल तर पुढची पायरी मागच्या तोंडांची. एलजीच्या ओएलईडी सी मालिकेत चारही एचडीएमआय तोंडे ४के १२० घेतात, तिथे चिंता नाही. पण अनेक कंपन्यांच्या टीव्हीत अशी दोनच असतात. सोनीच्या एक्स ९० जे, एक्स ९० के आणि एक्स ९० एल या मॉडेलांत ती तिसरी आणि चौथी आहेत. गंमत अशी की रिसीव्हरकडे आवाज नेणारे ईएआरसीचे तोंडही तिसरेच. म्हणजे रिसीव्हर तिसऱ्याला लावला की कन्सोलसाठी चौथे एकच उरते. घरात एक कन्सोल असेल तर काम फत्ते. थोरल्याचा प्लेस्टेशन आणि धाकट्याचा एक्सबॉक्स अशी स्थिती असेल, तर मात्र दुसऱ्याला जागा नाही. अशा घराला ४के १२० पुढे पाठवणारा रिसीव्हर खरोखर उपयोगी पडतो. दोन्ही कन्सोल रिसीव्हरला लावायचे, आणि रिसीव्हरमधून एकच केबल तिसऱ्या तोंडाला.

दुसरे असे घर प्रोजेक्टरवाल्यांचे. टीव्ही ऐवजी पांढऱ्या भिंतीवर सिनेमा आणि सामने पाहणारे आता कमी नाहीत. पुष्कळ प्रोजेक्टरना आवाज परत पाठवायची सोयच नसते, तिथे सगळे रिसीव्हरमधूनच न्यावे लागते.

ईएआरसी आणि एआरसी यांत फरक काय?

एआरसी म्हणजे टीव्हीला चित्र देणाऱ्या केबलमधूनच आवाज उलट रिसीव्हरकडे आणण्याची वाट. ही एचडीएमआय १.४ सोबत, २००९ मध्ये आली. साधारण २०१० नंतरच्या बऱ्याच रिसीव्हरना ती आहे. वाट अरुंद आहे, दाबून लहान केलेला पाच स्पीकरचा आवाज तेवढा मावतो. ईएआरसी हा त्याच वाटेचा चौपदरी रस्ता, २.१ सोबत आलेला. त्यातून न दाबलेला, आठ चॅनेलपर्यंतचा आवाजही जातो.

कोणाला कोणता लागतो? ओटीटी ॲपवरचे सिनेमे आणि मालिका हे मुख्य काम असेल तर साधा एआरसी पुरतो. ही ॲप ॲटमॉस आवाजसुद्धा डॉल्बी डिजिटल प्लस या दाबलेल्या रूपातच पाठवतात आणि तो या अरुंद वाटेने येतो. सेट-टॉप बॉक्सवरचा क्रिकेट सामना तर त्याहून साधा.

कन्सोलचे मात्र वेगळे आहे. प्लेस्टेशन ५ गेमचा आवाज मुळात न दाबता, एलपीसीएम या रूपात देतो. तो साध्या एआरसीवर टाकला तर पाच स्पीकर असूनही दोनच वाजतात, आणि माणूस मागचे स्पीकर बिघडले म्हणून वायरी तपासत बसतो. वायरी ठीक असतात. कन्सोलच्या सेटिंगमध्ये आवाजाच्या विभागात जाऊन प्रकार ‘डॉल्बी डिजिटल’ केला की पाचही वाजू लागतात. आवाज दाबण्यात आणि उलगडण्यात थोडा वेळ जातो, तेवढा उशीर कान तयार असलेल्या खेळाडूला जाणवू शकतो. २०२३ च्या अपडेटनंतर प्लेस्टेशन ५ ला ॲटमॉसही देता येते. पण कन्सोलचे ॲटमॉस रिसीव्हरपर्यंत पोचायचे तर टीव्ही आणि रिसीव्हर दोघांनाही ईएआरसी हवा. एका बाजूला ‘ई’ नसेल तर दुसरीचा उपयोग नाही. निन्टेन्डो स्विच बाहेरून आणलेला असेल तर तोही बहुचॅनेल आवाज एलपीसीएममध्येच देतो, डॉल्बीचा पर्याय त्याच्याकडे नाही.

या वाटेवर एक टोलनाका आहे, डीटीएसचा. सॅमसंगचे टीव्ही आणि एलजीचे २०२० ते २०२२ चे ओएलईडी डीटीएस प्रकारचा आवाज पुढे जाऊ देत नाहीत. ब्लू-रे डिस्कचा संग्रह असलेल्यांनी कन्सोललाच आवाज उलगडून एलपीसीएममध्ये द्यायला सांगावे. ज्यांनी आयुष्यात डिस्क विकत घेतली नाही त्यांनी हा परिच्छेद विसरला तरी चालेल.

मग मुंबईहून आलेला जुना रिसीव्हर टाकून द्यायचा?

घाई नको. साधारण दहा वर्षांपूर्वीचे अनेक रिसीव्हर ४के चित्र अडवतात. कारण ४केच्या नकलबंदीचे कुलूप, एचडीसीपी २.२, त्यांना उघडता येत नाही. कन्सोल त्यातून नेला तर चित्र खालच्या दर्जाचे येते, किंवा येतच नाही. पण कन्सोल थेट टीव्हीला लावून त्याच रिसीव्हरला एआरसीने आवाज दिला, तर तो अजून कित्येक वर्षे चोख काम करील. ॲटमॉस येणार नाही, कारण त्याचे घरगुती रिसीव्हर २०१४ मध्ये सुरू झाले. पाच स्पीकरचा भरीव आवाज मात्र मिळेल. एचडीएमआयच नसलेला त्याहून जुना असेल तर टीव्हीची ऑप्टिकल केबलही पाच स्पीकरचा डॉल्बी आवाज नेते.

वाचलेले पैसे स्पीकरमध्ये घालावेत. एचडीएमआयची मानके पाच-सात वर्षांत म्हातारी होतात. चांगला स्पीकर वीस वर्षे वाजतो.

नवाच घ्यायचा तर वॅटचे काय?

‘पीएमपीओ ५००० वॅट’ लिहिलेले होम थिएटर आठवत असतील, तर आजच्या खोक्यांवरचे आकडे त्याच घराण्यातले, थोडे सभ्य झालेले. एकाच चॅनेलला, एकाच सुरावर, आवाज फाटेपर्यंत मोजलेले वॅट आणि दोन चॅनेलना, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या पूर्ण पल्ल्यात मोजलेले वॅट यांत पुष्कळ अंतर असते. दुसरा आकडा खरा धरावा. वर उल्लेख आलेल्या डेनॉनचा असा आकडा ८ ओहमवर ८० वॅट आहे. बारा बाय पंधराच्या खोलीत तेवढ्याने कौले हलतात.

सात किंवा नऊ चॅनेलचा मोहही आवरता घ्यावा. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर मागचे दोन जादा स्पीकर ठेवणार कुठे?

कौलारू घरात ॲटमॉस वाजते का?

वाजते, पण खोक्यावरच्या चित्राप्रमाणे नाही. ॲटमॉसमध्ये पाऊस, हेलिकॉप्टर असे आवाज डोक्यावरून आल्यासारखे वाटतात. त्यासाठी स्वस्तातला उपाय म्हणून वर तोंड करून बसवलेले स्पीकर विकले जातात. त्यांचा आवाज छतावर आपटून खाली यावा लागतो. म्हणून छत सपाट, कडक आणि फार उंच नसलेले हवे. स्लॅबच्या घरात हे जमते. उतरत्या कौलारू छपराखाली तो आवाज वाशांत आणि कौलांच्या फटींत हरवतो, नाहीतर भलतीकडे उडतो. माळ्याच्या लाकडी तक्तपोशीखाली बरे जमते, तेही तक्तपोशी सपाट असेल तरच.

अशा घरात छोटे स्पीकर सरळ तुळईला किंवा भिंतीवर उंच ठोकून श्रोत्याकडे वळवावेत. रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये त्यांना ‘फ्रंट हाइट’ किंवा ‘टॉप’ म्हणून नोंदवता येते. तेही नको असेल तर ॲटमॉसचा नाद सोडून पाच उत्तम स्पीकर घ्यावेत. चार वाऱ्यांच्या ओटीवर काहीही लावले तरी बाहेरचा खरा पाऊस त्याला हरवणारच आहे.

जमिनीकडेही बघावे. गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो, संवाद कळत नाहीत. टीव्ही आणि बैठकीच्या मध्ये जाड सतरंजी आणि खिडकीला जाड पडदा, एवढ्यानेही फरक कानाला कळतो. त्यानंतर रिसीव्हरसोबत आलेला छोटा माइक बसण्याच्या जागी, कानाच्या उंचीवर ठेवून मोजणी करून घ्यावी. अनेक जण हा माइक खोक्यातच ठेवून देतात.

वीज, पाऊस आणि खारा वारा

कन्सोल आणि आजचे बहुतेक टीव्ही विजेच्या चढउताराबाबत सोशिक असतात. प्लेस्टेशन किंवा टीव्हीचा वीजपुरवठा १०० ते २४० व्होल्टपर्यंत सांभाळून घेतो. रिसीव्हरमध्ये मात्र बहुधा जुन्या पद्धतीचा जड ट्रान्सफॉर्मर असतो, ठरावीक २३० व्होल्टचा. ज्या वाडीत संध्याकाळी दिवे मिणमिणतात आणि रात्री फटफटतात, तिथे टीव्ही टिकला म्हणून रिसीव्हर टिकेलच असे नाही. त्याला पुरेशा क्षमतेचा स्टॅबिलायझर हवा. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा असावा. स्क्वेअर वेव्हवर ट्रान्सफॉर्मर गुणगुणतो आणि तापतो.

वीज कडाडण्याच्या दिवसांत, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात, फक्त प्लग काढून भागत नाही. छपरावरच्या डिशची केबल सेट-टॉप बॉक्सला येते, तिथून एचडीएमआयने टीव्हीला, आणि टीव्हीवरून रिसीव्हरला. आकाशातला लोळ दूर कुठे पडला तरी त्याचा झटका या वाटेने एचडीएमआयची तोंडे जाळू शकतो. डिशची केबलही उपसून ठेवावी. आणि अर्थिंग तपासून घ्यावे. कातळावर बांधलेल्या घरात अर्थिंगचा खड्डा नावापुरता असतो, दगडात ओल टिकत नाही. स्पीकरमधून सतत ‘हूं’ असा आवाज येत असेल तर रिसीव्हर उघडण्याआधी वायरमनला बोलवावे.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. किनाऱ्यालगत खारा वारा त्यात मीठ कालवतो. रिसीव्हर तापणारे यंत्र आहे, म्हणून त्याला बंद कपाटात कोंडू नये, वर आणि बाजूला वीतभर तरी मोकळी जागा ठेवावी. प्लास्टिकमध्ये गुंडाळून जून ते सप्टेंबर ठेवून दिला तर आत घाम धरतो आणि एचडीएमआयच्या तोंडांवर हिरवट गंज चढतो. आठवड्यातून दोनदा तासभर चालू ठेवला तर स्वतःच्या उष्णतेने तो कोरडा राहतो. जाळीच्या भोकांतून मुंग्या आणि पालीची पिल्ले आत जातात, हे मॅन्युअलमध्ये लिहिलेले नसते.

अमेरिकेहून मुलाने आणलेला चालेल का?

तिकडे सणासुदीला रिसीव्हर स्वस्त मिळतात, सामानात बसतात, आणि मुलगा प्रेमाने घेऊन येतो. पण अमेरिकेतले मॉडेल १२० व्होल्टचे असते. फोनचा चार्जर जसा पिन बदलून चालतो तसा हा चालत नाही. २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये घातला की काही क्षणांत धूर. स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावून चालवता येतो. तो रिसीव्हरच्या मागे छापलेल्या वॅटहून बराच मोठा घ्यावा लागतो, स्वतः तापतो, आणि तरीही भारतात वॉरंटी मिळत नाही. दुबई किंवा सिंगापूरहून येणारे २३०-२४० व्होल्टचे मॉडेल विजेपुरते चालते, वॉरंटीचा प्रश्न तसाच राहतो.

वॉरंटीची गोष्ट इथे मोठी आहे. कोल्हापूर आंबा घाटातून सव्वाशे-दीडशे किलोमीटर, मुंबई सव्वातीनशेच्या पुढे. ‘ऑन-साइट सर्व्हिस’ असे लिहिले असेल तर ती रत्नागिरीच्या पिनकोडला लागू आहे का, हे पैसे देण्याआधी कंपनीच्या हेल्पलाइनला विचारून घ्यावे. जुन्या नावावरही भिस्त ठेवू नये. एकेकाळी होम थिएटरवाल्यांच्या जिभेवर असलेल्या ओन्कियोच्या जपानी कंपनीने मे २०२२ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. नाव आज दुसऱ्या कंपन्यांच्या हाती सुरू आहे, पण जुन्या मॉडेलचा सुटा भाग शोधणाऱ्याला त्याचा उपयोग थोडा.

दुकानात जाताना काय न्यायचे?

कन्सोल. राम आळीत असो, मारुती मंदिरला किंवा कोल्हापूरला, पिशवीत कन्सोल आणि त्याच्या खोक्यात आलेली मूळ एचडीएमआय केबल घेऊन जावे. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स यांच्यासोबत मिळणारी केबल ४८ गिगाबिटची, ‘अल्ट्रा हाय स्पीड’ असते. वेगळी घ्यायचीच तर वेष्टनावर हेच शब्द आणि क्यूआर कोड असलेले लेबल पाहावे. साध्या तांब्याच्या केबलला तीन मीटरच्या पुढे हा वेग पेलणे कठीण जाते. भिंतीतून लांब ओढायची असेल तर आत प्रकाशतंतू असलेली घ्यावी, आणि पाइप असा टाकावा की उद्या ती ओढून बदलता येईल.

दुकानातल्या १२० हर्ट्झच्या टीव्हीला रिसीव्हर आणि रिसीव्हरला कन्सोल जोडून दाखवायला सांगावे. एक्सबॉक्सवर ‘४के टीव्ही डिटेल्स’ नावाचे पान आहे, ४के १२० आणि व्हीआरआर पोचते की नाही हे तिथे खुणांसह दिसते. प्लेस्टेशन ५ वर व्हिडिओ आउटपुटच्या माहितीत हर्ट्झचा आकडा येतो. दुकानदार जोडून दाखवायला नाही म्हणाला, किंवा माल ऑनलाइन मागवला, तर खोका, थर्मोकोल आणि माइकची पिशवी माघारी पाठवण्याची मुदत संपेपर्यंत जपून ठेवावी. आणि ही चाचणी पार्सल आले त्याच संध्याकाळी करावी, लाईट असेपर्यंत.